शिवणयंत्राची जन्मनोंद

जुन्या वस्तूंच्या वयाबद्दल आपल्या घरांत एक ठरलेले उत्तर असते : ‘शंभर वर्षे सहज झाली असतील.’ माजघरातला पितळी हंडा, भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ, माळ्यावरची सागवानी पेटी, सगळ्यांना सरसकट शंभर वर्षे. कुणी फारच खोलात शिरले, तर ‘पणजोबांच्या वेळचे’ एवढी भर पडते. हंड्याच्या बाबतीत त्यापुढे जाण्याचा मार्ग सहसा नसतो. पण घरात एक वस्तू अशी असू शकते, की जिचे वय तिच्या अंगावरच कोरलेले असते. ते वाचता मात्र यावे लागते. ही वस्तू म्हणजे आजीचे शिवणाचे मशीन.

परदेशात जुनी यंत्रे जमवणाऱ्यांची एक हौशी जमात आहे. टाइपरायटर, कॅमेरे, अगदी जुने व्हॅक्यूम क्लीनरसुद्धा ही मंडळी गोळा करतात आणि त्यांच्यावरच्या अनुक्रमांकावरून त्यांचे जन्मसाल काढतात. व्हॅक्यूम क्लीनर आपल्या मध्यमवर्गीय घरांत रुळला तो १९८० नंतर, दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांबरोबर. त्याच्यात पिढ्यांचा इतिहास शोधण्याइतका तो अजून आपला झालेला नाही. शिवणयंत्राचे तसे नाही. सिंगर कंपनीचे काम मुंबईत १८७५ पासून नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ पाहू लागले आणि ती काळी, सोनेरी नक्षीची यंत्रे हळूहळू देशभर पोहोचली. शिंप्याच्या दुकानाच्या ओट्यावर आणि मग घराच्या खिडकीपाशी. वीज, नळ, रेडिओ यांच्याही आधी कित्येक घरांत आलेले हे पहिले ‘मशीन’. म्हणूनच अजूनही नुसते ‘मशीन’ म्हटले की जुन्या बायकांच्या डोळ्यांसमोर तेच येते.

आता वाचनाची रीत. मशीनच्या उजव्या अंगाला, जिथे उभा खांब सपाट पाटाला मिळतो, तिथे एक छोटी उंचवट्याची पट्टी असते. तिच्यावर अनुक्रमांक ठोकलेला असतो. वर्षानुवर्षांच्या तेलाने आणि धुळीने तो बहुधा बुजलेला असतो. मऊ फडक्यावर मशीनच्याच तेलाचे दोन थेंब घेऊन हलक्या हाताने पुसावे. पॉलिश पेपर किंवा भांडी घासायची काथ्या अजिबात लावू नये, नाहीतर आकडा दिसेल आणि शेजारची नक्षी जाईल. डोळ्यांना दिसत नसेल तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवावी. लहान मुले नाण्याचा छाप उठवतात तसा आकडा कागदावर उठतो.

सिंगरच्या आकड्याआधी अक्षर आहे की नाही, हे पहिल्यांदा पाहायचे. आयझॅक सिंगर यांना अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट मिळाले ते १२ ऑगस्ट १८५१ रोजी. तेव्हापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कंपनीने नुसते आकडे वापरले आणि ते दीड कोटीच्या पुढे गेले. इतके लांबलचक आकडे ठोकणे गैरसोयीचे झाले, तेव्हा १९०० पासून आकड्याआधी अक्षर आले. म्हणजे अक्षर नसेल तर यंत्र एकोणिसाव्या शतकातले. अक्षर असेल तर ते कारखानाही सांगते : ‘जी’ म्हणजे अमेरिकेतील न्यू जर्सीतले एलिझाबेथ, ‘सी’ म्हणजे जर्मनीतले विटेनबर्गे, ‘एफ’ किंवा ‘वाय’ म्हणजे स्कॉटलंडमधले क्लाइडबँक. एकेरी अक्षरे पुरेनाशी झाली तेव्हा दुहेरी आली. क्लाइडबँकचे ‘वाय’ १९२१ पासून १९३५ पर्यंत चालले. ते संपल्यावर ‘ईए’, ‘ईबी’, ‘ईसी’ अशी रांग सुरू झाली. आपल्याकडे आलेली बहुसंख्य यंत्रे या क्लाइडबँकचीच.

त्या कारखान्याची थोडी ओळख करून घ्यायला हवी. क्लाइड नदीकाठी किलबोवी येथे १८८० च्या दशकात तो उभा राहिला. १९१३ साली तिथून एका वर्षात तेरा लाखांहून अधिक यंत्रे बाहेर पडली. कारखान्याला एक उंच मनोरा होता आणि त्यावर चारही दिशांना घड्याळाच्या तबकड्या. एकेका तबकडीचा व्यास सव्वीस फूट. सारे गाव त्या घड्याळावर चाले. मार्च १९४१ मध्ये १३ आणि १४ तारखेच्या रात्री जर्मन विमानांनी क्लाइडबँकवर बॉम्ब टाकले, त्यात कारखान्याचे लाकडाचे कोठार जळाले. घड्याळाचा मनोरा १९६३ साली पाडण्यात आला आणि १९८० साली कारखानाही बंद झाला. आज तिथल्या रेल्वे स्टेशनचे नाव तेवढे ‘सिंगर’ आहे. आणि उरली आहेत ती तिथल्या कारकुनांनी लिहिलेली रजिस्टरे. त्यातला मोठा ठेवा क्लाइडबँकच्या स्थानिक परिषदेच्या संग्रहात आहे. कंपनीचे अमेरिकेतले दप्तर विस्कॉन्सिन राज्याच्या इतिहास संस्थेकडे आहे. हौशी संग्राहकांनी या नोंदींवरून तक्ते तयार केले आहेत आणि ते आता संगणकावर घरबसल्या पाहायला मिळतात.

मी आयुष्याची तीसहून अधिक वर्षे बँकेत काढली, त्यामुळे ‘रजिस्टर’ हा शब्द आला की माझे कान टवकारतात. लोकांना वाटते, आकड्यात काहीतरी गुपित सांकेतिक भाषा दडलेली असते. तसे काही नसते. आकडा स्वतः मुका असतो. कुणीतरी एका दिवशी, एका वहीत, ‘अमुकपासून तमुकपर्यंतचे क्रमांक अमुक मॉडेलसाठी दिले’ असे लिहिले आणि ती वही कुणीतरी जपली, म्हणून तो बोलतो. ज्या कारखान्याची वही रद्दीत गेली, त्याच्या यंत्रावरचा क्रमांक कितीही सुबक असला तरी तो आपल्याला काहीही सांगू शकत नाही.

आणि त्या वहीत नेमके काय लिहिलेले असते, हे समजून घेणे महत्त्वाचे. त्यातली तारीख यंत्र तयार झाल्याची नसते, विकले गेल्याची तर नसतेच. ती असते क्रमांकांचा गठ्ठा कारखान्याच्या त्या विभागाला दिल्याची. त्यानंतर यंत्र ओतले जाणार, घासले जाणार, रंगवले जाणार. पेटीत बसून आगबोटीने मुंबईला येणार. एखाद्या तालुक्याच्या गावच्या दुकानात दोन वर्षे पडून राहणार. तेव्हा क्रमांकावरून एकच गोष्ट छातीठोकपणे सांगता येते : हे यंत्र या तारखेच्या आधीचे नाही. नंतर किती, ते क्रमांक सांगत नाही.

‘आधीचे नाही’ एवढ्यात काय मोठेसे, असे कुणाला वाटेल. त्याची ताकद मी एका शाखेत पाहिली आहे. १९८० च्या दशकातली गोष्ट. दोन भावांचा वाटणीवरून वाद होता. थोरल्याने पुरावा म्हणून एका चेकची स्थळप्रत पुढे केली. १९८१ साली धाकट्याचा हिस्सा दिला, असे तिच्यावर लिहिलेले. शाई, अक्षर, तारीख, सगळे यथास्थित. आमच्या हेडकॅशियरांनी फक्त चेकचा क्रमांक पाहिला आणि चेकबुक दिल्याचे रजिस्टर काढले. ते पुस्तक खातेदाराला दिले होते १९८३ मध्ये. जे पुस्तक अजून हातात आले नव्हते, त्यातला चेक दोन वर्षे आधी कसा फाडला जाणार? थोरल्या भावाने स्थळप्रत घडी करून खिशात घातली आणि पुढे तो विषय निघाला नाही. तारीख माणसाला हवी ती घालता येते, क्रमांक घालता येत नाही.

ओळीने दिलेले आकडे किती बोलके असतात, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. जर्मनी दर महिन्याला किती रणगाडे बनवतो, हे दोस्त राष्ट्रांना हवे होते. हेरांचे अंदाज भले मोठे येत. काही संख्याशास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली : हाती लागलेल्या रणगाड्यांच्या भागांवरचे अनुक्रमांक त्यांनी तपासले. हिशेबाची रीत कुणालाही कळेल अशी आहे. समजा, जत्रेत गाड्या लावण्याच्या पावत्या एकपासून ओळीने दिल्या आहेत. तुम्ही सहज पाच पावत्या पाहिल्या आणि त्यात सर्वांत मोठा आकडा ६० निघाला. ६० ला ५ ने भागा, १२ आले. ते ६० मध्ये मिळवा आणि एक वजा करा. सुमारे ७१ गाड्या आल्या असाव्यात. याच जातीच्या हिशेबाने ऑगस्ट १९४२ या महिन्याचा आकडा ३२७ आला. हेरखात्याचा अंदाज होता १५५०. युद्ध संपल्यावर जर्मनांचीच कागदपत्रे हाती आली, त्यात आकडा होता ३४२. अनेक हेरांना जे कळले नाही, ते लोखंडावर ठोकलेल्या क्रमांकांनी सांगितले.

घरच्या मशीनचे साल काढताना मात्र दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले म्हणजे पेटंटच्या तारखा. काही यंत्रांच्या बॉबिनवरच्या सरकत्या पट्टीवर एकोणिसाव्या शतकातल्या तारखा कोरलेल्या दिसतात. त्या शोधाच्या हक्काच्या तारखा. यंत्र त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेले असू शकते. दुसरी फसगत अधिक गमतीची. सिंगरने आपल्या शताब्दीच्या सुमारास यंत्रांवर निळ्या काठाचा एक बिल्ला लावला, त्यावर १८५१ ते १९५१ अशी साले आहेत. बिल्ल्यावर १८५१ वाचून ‘आमचे मशीन पावणेदोनशे वर्षांचे’ असे अभिमानाने सांगणारे भेटतात. त्यांचे मशीन पंचाहत्तरीच्या आसपासचे असते. तेही काही कमी नाही.

किमतीचाही भ्रम नको. ही यंत्रे लाखोंनी बनली आणि इतकी टिकाऊ निघाली, की नुसत्या वयाने त्यांना सोन्याचा भाव येत नाही. २००९ च्या एप्रिलमध्ये सौदी अरेबियात अफवा उठली, की जुन्या सिंगर यंत्रांत ‘लाल पारा’ नावाचे काहीतरी अतिमोलाचे द्रव्य असते; सुईजवळ मोबाइल धरला आणि फोन बंद पडला की समजायचे, आत ते आहे. लोकांनी वेड्यासारख्या किमती मोजल्या. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला. यंत्रात होते ते नेहमीचे लोखंड, पोलाद आणि तेल.

मग साल शोधून मिळवायचे काय? माझ्यापुरते उत्तर मला आमच्याच घरातल्या मशीनने दिले.

सिंगरबद्दल एक गोड समजूत आपल्याकडे जुनी आहे. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली रामचंद्रन या तरुणाशी बोलताना शिवणयंत्राचा अपवाद केला होता. सिंगरने आपल्या पत्नीला हाताने टाके घालताना पाहिले आणि तिचे कष्ट वाचावेत म्हणून प्रेमापोटी यंत्र शोधले, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. गोष्ट सुंदर आहे. इतिहास जरा रुक्ष आहे. १८५० साली बोस्टनमध्ये ऑर्सन फेल्प्स यांच्या कारखान्यात सिंगर यांनी दुसऱ्याच कुणाचे सदोष शिवणयंत्र पाहिले आणि धंद्याच्या दृष्टीने ते सुधारले. त्यांचे कौटुंबिक आयुष्य तर रविवारच्या पुरवणीत सविस्तर सांगण्याजोगे नव्हते. तरी नवऱ्याने बायकोसाठी केलेले यंत्र ही कल्पना लोकांना आवडली आणि ती टिकली.

आमच्या घरातही तिची एक धाकटी बहीण नांदत होती. साताऱ्याच्या घरातले पायाचे मशीन आजोबांनी आजीला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला दिले, असे आम्हा सर्व नातवंडांना सांगितलेले होते. आजोबा शाळामास्तर. १९३१ च्या पावसाळ्यात ते विषमज्वराने गेले. आजी तेव्हा विशीची. वडील तीन वर्षांचे, आत्या पाळण्यात. आजीने त्या मशीनवर झबली, परकर, पोलकी आणि पुढे शाळेचे गणवेश शिवून दोन मुले वाढवली. ‘त्यांनी जाण्याआधीच सोय करून ठेवली होती,’ असे नातेवाईक म्हणत आणि आजी मान हलवी.

काही वर्षांपूर्वी मी त्या मशीनचा क्रमांक पुसून वाचला. सुरुवातीची अक्षरे होती ‘ईबी’. तक्त्याप्रमाणे ‘वाय’ची रांगच मुळी १९३५ ला संपते, ‘ईबी’ त्याच्याही नंतरचे, ‘ईए’ उलटल्यावरचे. म्हणजे आजोबा गेले तेव्हा या मशीनचे लोखंडसुद्धा ओतले गेले नव्हते.

क्रमांकाचे काम इथे संपले. मशीन आजोबांचे नाही, एवढेच तो सांगू शकत होता. मग कुणाचे, हे विचारायला माणूस हवे होते. सुदैवाने आत्या होती, नव्वदी ओलांडलेली, पण स्मरण स्वच्छ. तिला मी साल सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “अरे, मी सात-आठ वर्षांची असताना आई दर महिन्याला मला बोट धरून पेठेतल्या एका दुकानात न्यायची. रुमालात बांधलेले पैसे द्यायची आणि पावती घ्यायची. मला वाटायचं, बाबांचं देणं फेडतेय. ते मशीनचे हप्ते होते तर!”

हप्तेबंदीची ही पद्धत सिंगरचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी १८५६ पासून रूढ केली होती. थोडे पैसे देऊन यंत्र घरी न्या आणि ते चालवून येणाऱ्या कमाईतून उरलेले फेडा, असा तो हिशेब. अमेरिकेतल्या गृहिणींसाठी निघालेली ही सोय साताऱ्यातल्या एका विधवेच्या कामी आली. पंचविशीतल्या बाईने, कुणाची जामिनकी न घेता की घेऊन, ते आता कळणार नाही, स्वतःच्या नावावर कर्ज केले आणि फेडले. त्या काळच्या आळीत ‘बाईने मशीन घेतले’ हे ऐकून भुवया उंचावल्या असत्या. ‘त्यांनी दिलेले’ म्हटले की कुणी काही बोलणार नाही. ती मान का हलवीत होती, याचा माझा तर्क असा आहे. आयुष्यभर कर्जदारांच्या अर्जांवर शेरे मारणाऱ्या नातवाला आपल्या घरातल्या पहिल्या कर्जदाराचा पत्ता साठीत लागला.

तेव्हा एक गोष्ट मनात टोचली. आजोबांच्या मृत्यूची नोंद शाळेच्या कागदांत आहे. मशीनच्या क्रमांकाची नोंद स्कॉटलंडच्या कारकुनाने केली. आजीची जन्मतारीख मात्र कुठेच नाही. ‘मानमोडीच्या साथीत मी सहा-सात वर्षांची होते,’ असे ती सांगे. म्हणजे १९१८ वरून मागे मोजायचे. तिच्या हातांनी चाललेल्या यंत्राला जन्मनोंद होती, तिला नव्हती. असे एकटे आमचेच घर नसणार. आपल्या आज्या-पणज्यांची आयुष्ये साथी, दुष्काळ आणि पूर यांच्या आधाराने मोजली गेली आहेत. त्यांनी काय कमावले, काय विकत घेतले, हे तर कुणी विचारलेच नाही. अशा वेळी त्यांच्या हाताखालच्या वस्तूवरचा एक क्रमांक हा कधीकधी त्यांच्या आयुष्याला मिळणारा एकमेव पक्का खुंटा असतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की घर बदलताना, बंगल्याचा फ्लॅट होताना, जुने मशीन भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी दहा मिनिटे काढावीत. जागा नसेल तर मशीन द्यायला हरकत नाही. गरजू बाईला दिले तर उत्तमच, कारण ती यंत्रे अजून शिवतात. पण त्याआधी क्रमांक उतरवून घ्यावा. सुरुवातीची अक्षरे गाळू नयेत, साल त्यांच्यावरच अवलंबून असते. साल काढावे आणि ते घेऊन घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडे जावे. ‘मशीन किती जुने?’ असे विचारले तर ‘शंभर वर्षे’ हेच उत्तर मिळेल. ‘या सालाच्या सुमारास आपल्या घरात काय चालले होते?’ असे विचारावे.

जे ऐकायला मिळेल ते पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर लिहून मशीनच्या खणात, बॉबिन आणि मोडक्या सुयांच्या शेजारी ठेवून द्यावे : क्रमांक, साल, मशीन कुणी घेतले, कशाच्या पैशांतून, त्यावर काय काय शिवले. आमच्या मशीनच्या खणात तसा पुठ्ठा आहे. ‘कुणी घेतले’ या ओळीपुढे आत्याने स्वतःच्या थरथरत्या अक्षरात आजीचे नाव लिहिले आहे. सासरचे आडनाव लावून, आणि मधले नाव न घालता.